‘त्या दिवशी तुम्ही कुठे होता?’ : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

इंदिरा गांधींची हत्या झाली त्या दिवशी, नेहरू गेले त्या दुपारी, बाबासाहेबांच्या निधनाची बातमी आली तेव्हा आपल्या गावातली माणसं कुठे होती, काय करत होती, ते त्यांच्याच तोंडून नोंदवून ठेवा, असं आवाहन या सदरातून केलं होतं. यवतमाळ, वर्धा, अमरावती, भंडारा, चंद्रपूर अशा जिल्ह्यांतून पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. अनेकांनी नाव छापू नका असं कळवल्यामुळे सगळ्यांचीच नावं वगळली आहेत.

प्रश्न : माझे वडील १९८४ साली आठवीत होते. ते सांगतात, सकाळी प्रार्थनेच्या रांगेत हेडमास्तरांनी इंदिराबाई गेल्याचं सांगितलं, पोरं रडली आणि शाळा सुटली. इतकं बारीकसारीक सांगतात की मी तसंच लिहून घेतलं. आता काका म्हणतात, असं काही झालंच नाही. कोणाचं खरं धरू? (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

तारखेपुरतं काकांचं बरोबर दिसतं. ३१ ऑक्टोबर १९८४ हा बुधवार होता. त्या वर्षी लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला आणि भाऊबीज २६ला होती. म्हणजे दिवाळी होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि शाळांना दिवाळीची सुटी असण्याचे ते दिवस. वेळही जुळत नाही. दिल्लीत गोळ्या झाडल्या गेल्या त्या सकाळी सव्वानऊ-साडेनऊच्या सुमारास. मृत्यूची बातमी बीबीसीने दुपारी दिली आणि आकाशवाणीने संध्याकाळी सहाच्या सुमारास. प्रार्थनेच्या वेळेला ही बातमी गावच्या शाळेत पोचणं शक्य नव्हतं.

म्हणून वडील खोटं सांगतात असं मात्र मुळीच नाही. सुटी संपून शाळा उघडल्यावर श्रद्धांजलीची सभा झाली असेल, तिथे पोरं रडली असतील, शाळाही लवकर सुटली असेल. बातमी कळली तो क्षण एक, शाळेतली सभा दुसरी. चाळीस वर्षांत दोन्ही एकमेकांना चिकटले. त्यातून शाळेचं चित्र जास्त ठसठशीत, म्हणून तेच उरलं. असं होतं हे अभ्यासातून दिसलं आहे. २८ जानेवारी १९८६ला अमेरिकेचं चॅलेंजर यान आकाशात फुटलं. उल्रिक नायसर या मानसशास्त्रज्ञाने दुसऱ्याच दिवशी आपल्या विद्यार्थ्यांकडून बातमी कुठे, कोणाकडून, काय करताना कळली ते लिहून घेतलं. सुमारे अडीच-तीन वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना तेच प्रश्न पुन्हा विचारले. ११ जणांचं एकही मुख्य उत्तर आधीच्या उत्तराशी जुळलं नाही, आणि खात्री मात्र जबरदस्त होती. स्वतःच्या हस्ताक्षरातला कागद समोर ठेवला तरी काहींना तो पटेना. आठवण किती स्पष्ट दिसते यावरून ती किती बरोबर आहे ते ठरत नाही. वहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवावं असं आम्हाला वाटतं.

आता वडिलांशी बोलायचं कसं? कॅलेंडर दाखवून ‘बाबा, तुमचं चुकलं’ म्हणू नका. माणूस तिथेच मिटतो आणि पुढच्या दहा खऱ्या गोष्टीही सांगत नाही. त्याऐवजी आजूबाजूचं विचारा. अंगावर शाळेचा गणवेश होता की दिवाळीचे नवे कपडे? घरात फराळाचे डबे होते का? भाऊबिजेला आलेली आत्या परत गेली होती का? वावरात सीतादही (कापूस वेचणीआधीची पूजा) होऊन पहिली वेचणी लागली होती का? भंडारा-गोंदियाकडे असाल तर तेव्हा मंडईचे, म्हणजे दिवाळीनंतर गावोगावी भरणाऱ्या जत्रांचे दिवस. कोणत्या गावची मंडई झाली होती, कुठली व्हायची होती, नाटकाचा पडदा लागला होता का, हे विचारा. अशा प्रश्नांत पुष्कळदा खरा दिवस वर येतो. शाळेच्या आधी ओसरीवरचा रेडिओ आठवतो, त्याच्या भोवती उभी असलेली माणसं आठवतात.

वडिलांचं सांगणं खोडू नका. पानाचे तीन भाग करा. पहिल्यात ‘सांगितलं तसं’, शब्द न बदलता. दुसऱ्यात ‘पडताळणी’ : वार, दिवाळी, आकाशवाणीची वेळ. तिसऱ्यात ‘अंदाज’ : शाळेची सभा सुटीनंतरची असावी. काकांचं सांगणं वेगळ्या पानावर. दोघांची मिळून एक गोष्ट तयार करू नका. आणखी एक खबरदारी. त्याच वर्षी २-३ डिसेंबरच्या रात्री भोपाळची वायुगळती झाली. मध्ये जेमतेम महिना गेला होता, त्यामुळे या दोन बातम्यांचा क्रम आणि त्यांची माणसं सांगण्यात अदलाबदल झालेली हमखास सापडते.

प्रश्न : वार आणि तिथी काढायची सोपी रीत सांगा. गावात इंटरनेट धड चालत नाही आणि जुनी पंचांगं नाहीत. (ता. धारणी, जि. अमरावती)

१९०१ ते २०९९ या काळात दर २८ वर्षांनी तारीख-वारांचं कॅलेंडर हुबेहूब तेच येतं. १९४८चं १९७६ला आणि २००४ला, १९५६चं १९८४ला आणि २०१२ला, १९६४चं २०२०ला. घरात २०२०ची दिनदर्शिका खिळ्याला टांगलेली असेल तर २७ मे १९६४, म्हणजे नेहरू गेले तो दिवस, बुधवार होता हे तिथेच दिसेल.

तिथीला ही रीत लागू नाही. तिथी दर १९ वर्षांनी जवळपास त्याच तारखेला येते, एखादा दिवस मागेपुढे. १९८४ची दिवाळी हवी तर ३८ वर्षांनंतरची, म्हणजे २०२२ची बघा. लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरलाच होतं. किल्लारीचा भूकंप ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या आसपास झाला. १९ वर्षांनंतर, २०१२ला, अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती. १९९३लाही तीच. म्हणून त्या दिवसाची आठवण सांगणारी माणसं ‘गणपती शिरवून झोपलो होतो’ असं म्हणतात ते अगदी बरोबर आहे.

बाजाराच्या वाराने तारीख पक्की करताना जपा. ३१ ऑक्टोबर १९८४ बुधवार, नेहरू गेले तो बुधवार, गुरं राखणाऱ्या गोवारी समाजाची २३ नोव्हेंबर १९९४ची नागपुरातली चेंगराचेंगरी बुधवारी, मुंबईवरचा २६ नोव्हेंबर २००८चा हल्लाही बुधवारी. तुमच्या गावचा बाजार बुधवारचा असेल तर ‘त्या दिवशी बाजार होता’ यावरून काहीच ठरत नाही. शिवाय काही गावांच्या बाजाराचा वार मध्येच बदललेला असतो. तो कधी बदलला हे ग्रामपंचायतीत आधी विचारून घ्या.

प्रश्न : प्रश्न नेमके कोणते आणि कोणत्या क्रमाने विचारायचे? आम्ही ‘इंदिरा गांधी गेल्या तेव्हा तुम्ही कुठे होता’ असं विचारलं की सगळे ‘घरीच होतो’ एवढंच म्हणतात. (एक शिक्षिका, जि. वर्धा)

बातमीपासून सुरुवात केली की माणूस बातमीच सांगतो, आणि ती तर सगळ्यांनाच माहीत आहे. सुरुवात त्या काळच्या घरापासून करा. तेव्हा घर कुठे होतं, दार कोणत्या बाजूला, विहीर की हापशी, घरात माणसं किती, सालदार कोण. पाच-दहा मिनिटं यातच जाऊ द्या. मग हंगामावर या.

हंगामाने आमच्याकडच्या माणसाची आठवण जशी उघडते तशी दुसऱ्या कशाने उघडत नाही. नेहरू गेले ते नवतपात. नवतपा म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तो २५ मेच्या सुमारास लागतो. वखरणी झालेली, माणसं दुपारी सावलीला, आणि बातमी दुपारी दोनच्या सुमारास रेडिओवर. राजीव गांधींची हत्या २१ मे १९९१ला रात्री दहा वाजून गेल्यावर श्रीपेरुंबुदूरला झाली. तेव्हा गावाकडे लोक अंगणात बाजा टाकून झोपलेले. गडचिरोली-चंद्रपूरकडे तेंदूपानाचा हंगाम, पहाटेच जंगलात जायचं. म्हणून खेड्यातल्या बहुतेकांची ‘राजीव गांधींची तारीख’ २२ मेची सकाळ असते. ती चूक समजून २१ करू नका. बाबासाहेबांचं महापरिनिर्वाण ६ डिसेंबर १९५६, गुरुवार. ज्वारीची सोंगणी, कापसाची वेचणी. नागपूरच्या दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. ज्यांनी १४ ऑक्टोबरला दीक्षा घेतली त्यांच्या घरी ही बातमी कशी आली, हे दीक्षेच्या प्रवासापासूनच विचारायला हवं. कशाने गेलात, सोबत कोण, शिदोरी काय बांधली होती, आणि मग डिसेंबर. सरळ डिसेंबरला हात घातला तर अर्धं हरवतं.

हंगाम उभा राहिला की सहा गोष्टी विचारा. रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक यांनी १९७७ साली अशा आठवणींचा अभ्यास केला, तेव्हा लोक सांगतात ते बहुतेक याच सहांत बसतं असं त्यांना दिसलं. तुम्ही कुठे होता. काय करत होता. कोणी सांगितलं. सांगणाऱ्याची आणि इतरांची काय अवस्था होती. तुम्हाला काय वाटलं. मग लगेच काय केलं. यातला तिसरा प्रश्न सगळ्यांत मोलाचा. ‘रेडिओवर ऐकलं’ एवढ्यावर थांबू नका. रेडिओ कोणाचा, कुठे ठेवलेला, ऐकून पहिल्यांदा कोण बोललं, कोणत्या शब्दांत. आणि आमच्या अनुभवाने सांगतो, सहावा प्रश्न ‘त्या संध्याकाळी चूल पेटली का’ असा विचारा. बाया इथे बोलू लागतात. पुरुषाला विचारताना त्या मागे बसलेल्या असतात, आणि बातमी सगळ्यांत आधी कोणाच्या कानावर आली होती ते पुष्कळदा त्यांनाच माहीत असतं. त्यांना वेगळं बसवून विचारा.

‘आणखी?’ हा एकच जोडप्रश्न ठेवा. ‘तेव्हा तुम्ही रडला असाल ना?’ असा प्रश्न नको. होकार तुम्हीच त्यांच्या तोंडात घातलेला असतो.

प्रश्न : माझी आजी सांगते की गांधीजींना मारलं ते तिला आठवतं. पण तिच्या आधार कार्डावर जन्म १ जुलै १९४६ आहे. मग हे खरं कसं? (जि. वर्धा)

कार्डावरची तारीख खरी असेल तर आजी तेव्हा दीड वर्षांच्या. एवढ्या वयाचं पुढे आठवत नाही. साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं जवळपास काहीच उरत नाही. पण १ जुलै किंवा १ जून ही जन्मतारीख दिसली की आधी तिच्यावरच शंका घ्या. शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली ती तारीख असते आणि ती पुढे सगळ्या कागदांवर चढते.

खरं वय शोधायचं तर आधी मोठ्या-धाकट्या भावंडांशी मेळ घाला. कोण आजीच्या पाठचं, कोणाला आजीने कडेवर खेळवलं. मग कोतवाल बुक. मध्यप्रांत-वऱ्हाडात गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदी कोतवाल ठेवत असे, आणि त्या जुन्या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात. गावाचं नाव, साल आणि आजीच्या वडिलांचं नाव देऊन नक्कलेसाठी अर्ज करा. त्यात मुलीचं नाव बहुतेक नसतं, ‘अमक्यास मुलगी’ एवढंच असतं. म्हणून एक साल मागायचं नाही, पुढच्या-मागच्या दोन-तीन वर्षांची पानं मागायची. शाळेचं दाखल-खारीज रजिस्टरही बघा, पण ते जन्माचा पुरावा म्हणून नाही. नाव कोणत्या वर्षी घातलं ते कळतं, म्हणून.

वय ४८ साली पाच-सहा निघालं, तर आजी काय सांगतात ते तपासा. गांधीजींना गोळ्या लागल्या ३० जानेवारी १९४८ला, शुक्रवारी, संध्याकाळी ५ वाजून १७ मिनिटांनी. आपल्याकडे जानेवारीत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे बातमी गावात आली ती अंधार पडल्यावर, नाहीतर दुसऱ्या दिवशी. ‘दुपारी जेवताना कळलं’ हे ३१ तारखेचं असू शकतं, ३०चं नाही. आकाशवाणीचं नागपूर केंद्र तेव्हा सुरूच झालेलं नव्हतं. ते त्याच वर्षी जुलैत सुरू झालं. ‘नागपूर रेडिओवर ऐकलं’ असं सांगितलं तर रेडिओ खरा असेल, केंद्र दुसरं. आणि ‘बापू आदल्याच महिन्यात सेवाग्रामला आले होते’ असं कोणी सांगितलं, तर ते २५ ऑगस्ट १९४६ला सेवाग्रामहून निघाले ते परत आले नाहीत, हे शेजारी लिहा.

वर्धा जिल्ह्यात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. १२ फेब्रुवारी १९४८ला पवनारला धाम नदीत गांधीजींच्या अस्थी विसर्जित झाल्या आणि पुढे दर १२ फेब्रुवारीला तिथे मेळा भरत आला. लहान मुलीला आठवते ती माणसांची गर्दी, नदी, शांतता. ती गर्दी विसर्जनाची की नंतरच्या एखाद्या मेळ्याची, हे आजींना आज सांगता येणार नाही. तुम्ही दोन्ही शक्यता लिहा. ‘कोणाच्या खांद्यावर बसून पाहिलं’ हे विचारलं तर वयाचा अंदाज येईल.

बातमीची वाट शोधताना गावाचा नकाशा काढा. तार येत होती ती पोस्टात आणि रेल्वे स्टेशनात. मूर्तिजापूर-यवतमाळ, मूर्तिजापूर-अचलपूर किंवा पुलगाव-आर्वी या छोट्या गाडीच्या लाइनीवरच्या गावांत स्टेशनमास्तरकडून बातमी त्याच रात्री आली असू शकते. तिथून पाच कोसांवरच्या गावात ती दुसऱ्या दिवशी पायी किंवा सायकलने आली, आणि काही ठिकाणी कोतवालाची दवंडी होईपर्यंत कोणालाच ठाऊक नव्हती. शेजारशेजारच्या दोन गावांच्या आठवणीत एका दिवसाचा फरक पडला तर तो चुकीचा नसून रस्त्याचा असतो.

घरात रेडिओ केव्हा आला हे तपासायला एक नामी पुरावा आहे. त्या काळी रेडिओला परवाना लागत असे. तो पोस्टातून मिळे, आणि छोट्या पुस्तिकेत दरवर्षीच्या फीची तिकिटं चिकटवून त्यावर पोस्टाचा शिक्का मारलेला असे. जुन्या पेटीत, जमिनीच्या कागदांच्या पुडक्यात ही पुस्तिका अजून सापडते. पहिल्या तिकिटावरच्या शिक्क्याचं साल वाचलं की ‘आमच्या रेडिओवर नेहरूंची बातमी ऐकली’ याचा निकाल लागतो.

प्रश्न : मोबाइलवर रेकॉर्डिंग केलं, पण नुसता घुंघुं आवाज आला. आणि लिहून काढताना वऱ्हाडी तशीच ठेवायची की शुद्ध करायची? (ता. अचलपूर)

तो घुंघुं कुलरचा. माणसाला कुलर ऐकू येईनासा होतो, फोनला होत नाही. उन्हाळ्यात सकाळी सात ते नऊ ही वेळ धरा, पंखा-कुलर बंद करा. पावसाळ्यात टिनाच्या छपराखाली बसू नका, चार थेंब आले तरी शब्द जातो. ओसरीवर बसलात तर गोठ्याकडे पाठ करून बसा.

फोन फ्लाइट मोडवर टाका, नाहीतर मध्येच फोन येऊन रेकॉर्डिंग तुटतं. स्टीलच्या ताटात किंवा लाकडी टेबलावर सरळ ठेवू नका. दुपट्ट्याची चार पदरी घडी करून तिच्यावर ठेवा, सांगणाऱ्याच्या तोंडापासून साधारण वीतभर. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून कानाला लावून ऐका. ॲपमध्ये निवड असेल तर ‘वेव’ घ्या, एका तासाला सुमारे ३२० एमबी लागतात. जागा नसेल तर ‘एमफोरए’ १२८ केबीपीएस, तासाला ६० एमबीच्या आत. व्हॉट्सॲपवर पाठवायचंच असेल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, गाव आणि परवानगी तुमच्या आवाजात बोला आणि त्यांचा होकार त्यांच्या आवाजात येऊ द्या. त्याच दिवशी फाइलच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवा. फोन हरवला म्हणून गेलेली मुलाखत दुसऱ्यांदा तशी मिळत नाही.

भाषा मुळीच शुद्ध करू नका. समजा एखादी आजी म्हणाली, ‘मी तं वावरात कापूस येचत व्हती. मालकीन आली आन म्हने, इंदिराबाईले मारलं. मले वाटलं, आपल्या गावातली इंदिरा.’ याचं ‘मी शेतात कापूस वेचत असताना मला इंदिरा गांधींच्या हत्येची बातमी समजली’ असं केलंत की त्या बाईला आधी कोणाची काळजी वाटली ते पुसलं गेलं. ‘मारलं’ हा शब्दही तसाच हवा. मारलं, गेल्या, हत्या, खून, यातला कोणता शब्द गावात कोणाच्या तोंडी होता हीच मोठी माहिती आहे. ज्या शब्दाचा अर्थ बाहेरच्याला लागणार नाही, त्याचा अर्थ पानाच्या तळाशी द्या. एका तासाचं बोलणं लिहून काढायला पाच-सहा तास लागतात, तेवढा वेळ धरूनच निघा.

प्रश्न : १९४८चं बोलताना आजोबा आमच्या गावातल्या जाळपोळीचं सांगतात आणि नावं घेतात. ती घराणी आजही गावात आहेत. काय करू?

गांधीजींच्या हत्येनंतर महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ब्राह्मणांची घरं-दुकानं जाळली गेली. गावाच्या नोंदीतून हे वगळणं बरोबर नाही. रेकॉर्डिंग जसंच्या तसं ठेवा, त्यात काटछाट नको. लिहून काढलेल्या प्रतीत, जी चार लोक वाचणार, तिथे नावांच्या जागी ‘एक घर’, ‘एक माणूस’ लिहा. आजोबांनी स्वतः पाहिलं काय आणि ऐकलं काय, ते त्यांनाच वाक्यागणिक विचारून खूण करा. ज्यांचं घर गेलं ते कुटुंब नागपूर-पुण्याला गेलं असेल आणि पत्ता लागत असेल, तर त्यांचंही सांगणं घ्या. नुसती एक बाजू घेऊन वही बंद करू नका.

प्रश्न : आम्ही गोवारी. आमच्यासाठी तो दिवस म्हणजे २३ नोव्हेंबर १९९४. तो ‘राष्ट्रीय’ धरता येतो का? माझी आई तिथे होती, पण तिला विचारायची हिंमत होत नाही. (जि. भंडारा)

धरायलाच हवा. विधानसभेचं हिवाळी अधिवेशन नागपुरात चालू असताना अनुसूचित जमातीच्या मागणीसाठी आलेली ११४ माणसं एका संध्याकाळी चेंगरून मेली, त्यात बाया आणि लेकरं जास्त. याहून मोठी मोजपट्टी कशाला हवी?

पण आईंची आठवण वर सांगितलेल्या आठवणींसारखी नाही. बाकीच्यांनी बातमी ऐकली, त्या तिथे होत्या. ज्याने भोगलं त्याच्या आठवणीत मधला गाभा घट्ट असतो. हात सुटला, आवाज आला, कोणाचं लुगडं दिसलं. आधी काय, नंतर काय, किती वाजले, हे विस्कटलेलं असतं. त्या क्रमासाठी मागे लागू नका. क्रम पेपरातून, नोंदींतून लावता येतो. आईंना पुन्हा त्या गर्दीत उभं करण्याएवढी त्याची किंमत नाही.

स्वतः विचारू नये असं वाटत असेल तर ती भावना खरी माना. आईच्या बरोबरीची, सोबत गेलेली एखादी बाई असेल तर दोघींना बसू द्या, तुम्ही चहा करा. २३ नोव्हेंबरला किंवा आसपास नको, तेव्हा स्मारकावर जायचे दिवस असतात. आधीच सांगा की नको वाटलं की थांबू, आणि थांबल्या तर खरंच थांबा, फोन खिशात घाला. रात्री नको, कारण त्यानंतर झोप लागत नाही. मुलाखत झाली की लगेच उठून जाऊ नका, घरी माणसं असतील असा दिवस निवडा.

आणि सुरुवात गावातून करा. कशाने निघालात, वर्गणी किती, लेकरं कोणाजवळ ठेवली. सगळा गोवारवाडा नागपूरला गेला, तर त्या दिवशी गावची गुरं कोणी चारली? या प्रश्नाला मागे राहिलेली माणसंही बोलतील. त्यांचं त्या रात्री वाट पाहणं, कोण परतलं आणि कोण नाही ते मोजणं, आजवर कोणी लिहून घेतलेलं नसण्याची शक्यता आहे.

प्रश्न : २६ नोव्हेंबर २००८ला माझ्या मित्राने स्टेशनवरचा गोळीबार टीव्हीवर थेट पाहिला म्हणतो. मला वाटतं आमच्याकडे तेव्हा लाइनच नव्हती.

हल्ला रात्री साडेनऊनंतर सुरू झाला आणि २९ नोव्हेंबरच्या सकाळपर्यंत चालला. तीच दृश्यं दिवसरात्र दाखवली गेली, त्यामुळे नंतर पाहिलेलं ‘तेव्हाच पाहिलं’ असं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. १९९२ साली ॲमस्टरडॅममध्ये एका इमारतीवर विमान कोसळलं. त्या क्षणाचं चित्रीकरण अस्तित्वातच नाही, तरी पुढे विचारल्यावर अर्ध्याहून जास्त लोकांनी ते टीव्हीवर पाहिल्याचं सांगितलं. तुमच्या गावात त्या आठवड्यात भारनियमनाची वेळ कोणती होती, ते ओलिताला रात्री जाणाऱ्या शेतकऱ्याला विचारा. लाइन केव्हा येते त्यावर त्याची झोप ठरत असे, तो विसरत नाही.

प्रश्न : पुढे कधी असा दिवस आला तर स्वतःची नोंद कशी करावी?

त्याच रात्री, झोपायच्या आधी. दुसऱ्या दिवशीचा पेपर वाचण्यापूर्वी आणि चार माणसांत चर्चा होण्यापूर्वी. वर दिलेल्या सहा गोष्टी, प्रत्येकी एक-दोन ओळी. त्याखाली बातमी किती वाजता कळली आणि ती वेळ कशावरून सांगता ते लिहा : घड्याळ, एसटी, मशिदीची बांग, लाइन जाण्याची वेळ. घरातल्या प्रत्येकाने वेगळ्या कागदावर, एकमेकांचं न बघता. ज्याला लिहिता येत नाही त्याचं दुसऱ्याने लिहावं आणि कोणी लिहिलं ते नमूद करावं. पेन्सिल नको, बॉलपेन वापरा. कागदावर तारीख आणि सही, मग सगळे कागद एका लिफाफ्यात घालून लिफाफा चिकटवा. वर फक्त तारीख लिहा आणि सातबाऱ्याच्या कागदांत ठेवून द्या, म्हणजे तो हरवत नाही. तीन वर्षांनी उघडण्याआधी प्रत्येकाने त्या दिवसाचं पुन्हा एकदा लिहावं, आणि मगच लिफाफा फोडावा.